हातभर लांबून काढलेला फोटो

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नानंतर मी माहेरी राळेगावला जायची तेव्हा तुम्हीही कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. बाजूच्या पीसीओवरून फोन करायचे, ‘कवा येतं वं?’ एवढं विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत ठेवून द्यायचे. आता मी लिहिते आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते उद्यापर्यंत मिटवायचं आहे. तुम्ही समोर नाही, म्हणून कागद घेतला.

उद्या सकाळच्या बसने मला यवतमाळला जायचंय. कॅमेरेवाल्या शेठनं वापरून पाहायला दिलेला तो मोठा काळा कॅमेरा परत करायचा आहे आणि दोन कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यायचा ते त्याला सांगायचं आहे. काल पुन्हा त्याचा फोन आला. ‘भाभी, भैया होते तवापासून तुमचं दोघांचं चालूच हाय, आता एक काय ते बोलून टाका,’ म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक असं किती दिवस विचार करतं?

दुकानाचं शटर अर्धं ओढून काउंटरवर बसले आहे. आज घाटंजीचा बाजार आहे, रस्त्यावर गर्दी आहे, पण दुकानात कोणी नाही. कापूस वेचणीचे दिवस. फोटो काढायला कोणाला फुरसत आहे?

आपला जुना कॅमेरा कसा गेला ते आठवतं ना? तुम्हाला जिनिंगमधल्या हमालांचे फोटो काढायचे होते. मी नको म्हणत होते. तिथं हवेत कापसाचा भुगा उडत असतो, माणसाच्या नाकातोंडात जातो, तो कॅमेऱ्याला सोडणार होता का? दुसऱ्या दिवशी लेन्स अर्धी बाहेर आली आणि तिथंच अडकली, कोणी जीभ काढून वेडावून दाखवावं तशी. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि म्हणाला, यात कॅमेरा कमी अन् कापूस जास्त आहे. तुम्ही ते वाक्य गावभर सांगत फिरले. कॅमेरा गेल्याचं दुःख तुम्हाला झालंच नाही, उलट नवीन घ्यायला कारण मिळालं.

आणि तिथून भांडण सुरू झालं. तुम्हाला हवा होता तो केशरी, साबणाच्या वडीएवढा. धूळ आत जात नाही, पाण्यात चालतो, हातातून पडला तरी फुटत नाही. मला हवा होता मोठा काळा डीएसएलआर. त्यातला सगळ्यांत साधा का होईना, पण डीएसएलआर. दोन्ही घ्यावेत एवढी आपली ऐपत नव्हती, आजही नाही.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ झालं असेल, तरी पुन्हा सांगते. तुम्ही फोटो काढून मोकळे व्हायचे. त्याच्यापुढचं सगळं माझ्याकडे. लहान कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. उजेड असला की फोटो छान येतो, पण घराच्या आत, एका बल्बखाली काढला की सगळीकडे दाणे उठतात. पाकिटात ठेवायच्या आकारात ते कळत नाही. भिंतीवर लावायला मोठा केला की डोळ्यांच्या जागी रवा सांडल्यासारखं दिसतं. मग तुमच्या वनिताबाई बसतात माउस घेऊन, एकेक दाणा पुसत. तुम्हाला काय होतं बोलायला?

तुमचं म्हणणं असं, की डीएसएलआर घेऊन बैलबंडीत बसून दाखव. डीएसएलआर घेऊन कापसाच्या पऱ्हाटीत शिरून दाखव. लेन्स बदलायला उघडला की भुगा थेट सेन्सरवर, मग प्रत्येक फोटोत आभाळात ठिपके, ते पुसायलाही तूच बसशील. मग मी विषय बदलून लग्नाच्या ऑर्डरीवर न्यायची. लग्नात फोटोग्राफरच्या हातात साबणाची वडी पाहून नवरीचा बाप काय म्हणेल? मग तुम्ही चहा मागायचे.

होळी झाल्यावर आपण दोघं शेठच्या दुकानात गेलो, तो दिवस किती चांगला होता! शेठनं तो केशरी कॅमेरा तुमच्यासमोर काउंटरवरून खाली पाडला, मग पाण्याच्या ग्लासात बुडवून वर काढला आणि त्यानंच फोटो काढून दाखवला. तुमचे डोळे असे चमकले, की मी म्हटलं, ‘तुमाले मासे धराले जाचं हाय का यवतमाळात?’ तुम्ही शेठला म्हणाले, ‘पाहा, बायकोले पाण्याचं कौतुक नाही अन् मले पाण्याशिवाय करमत नाही.’ मग आपलं मेमरी कार्ड त्यात घातलं, हात लांब केला, मला खांद्याला धरून ओढलं आणि बटण दाबलं. ‘मोठ्या कॅमेऱ्यानं असा काढून दाखव,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘असे फोटो कोण काढते?’ खरंच तेव्हा कोणीच काढत नव्हतं.

त्या फोटोत तुम्ही हसता आहात आणि मी बोलते आहे. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. मागे शेठचा टेबलफॅन. तुमच्या डाव्या गालावर दाणे. तो कार्डात तसाच राहिला.

आता दुसरं सांगते. ते तुम्हाला आवडणार नाही, पण ऐकून घ्या.

आपल्या धंद्यातला मोठा भाग कोणता होता, ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटायचं नाही. लग्नं उन्हाळ्यात, शाळेचे फोटो जूनमध्ये. बाराही महिने चालायचे ते तेरवीचे फोटो. घरात माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाऊ नाही तर मेव्हणा यायचा, रुमालात गुंडाळलेला एखादा जुना फोटो घेऊन. बहुतेक वेळा लग्नातलाच. गेलेल्या माणसाचा एकट्याचा असा फोटोच नसायचा. मग मी त्यातून नवऱ्या मुलाचा चेहरा कापून घ्यायची, बायकोला बाजूला काढायची, डोक्यावरचा फेटा पुसून केस काढायची आणि अंगात कोट चढवायची. आपल्या कॉम्प्युटरमध्ये कोट एकच होता, निळसर, लाल टायचा. तालुक्यातले कितीतरी पुरुष भिंतीवर त्याच कोटात आहेत. जन्मात कोट घातला नाही अशा माणसांना मी तो घालत होते. तेरवीच्या दिवशी लोक म्हणायचे, साहेब दिसून राह्यले!

कात्रीचं काम फिल्मच्या काळापासून माझ्याकडे. तेव्हापासून तुम्ही मला ‘कातरवाली’ म्हणायचे. मला राग यायचा नाही. हात बसला होता.

पण ती वर्षं आली, कापसाची ती वाईट वर्षं. रोज पेपरात आपल्या जिल्ह्याचं नाव यायचं. रुमालातून निघणारे चेहरे तरुण व्हायला लागले. फेटा पुसला की खाली मिसरूड फुटलेलं पोर निघायचं. एकदा एका फोटोत नवरीचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता, हिरव्या बांगड्यांसकट. तो पुसता पुसता मी उठून आत गेले. माझ्या जागेवर बसून तो हात तुम्हीच पुसला.

त्यानंतर तुम्ही गावोगाव फिरायला लागले. ‘मेल्यावर कापाकापी कायले? जितेपणीच काढून ठेवू ना,’ म्हणाले. मला आधी वाटलं, यांना वेड लागलं. एसटीनं जायचं, सायकल मागून घ्यायची, वावरात शिरायचं आणि लोकांना म्हणायचं, फोटो काढू का. फुकट काढायचे आणि वर प्रिंटही द्यायचे. आणि गंमत अशी, की लोक तयार होईनात!

एकट्याचा फोटो म्हटलं की माणसं मागे सरायची. कारण त्यांना वाटायला लागलं होतं, की घाटंजीच्या फोटोवाल्यानं समोर उभं करून एकट्याचा फोटो काढला की तो हारातच जातो. त्यांच्या घरातल्या भिंतींवर दुसरं काय पाहिलं होतं त्यांनी? तुम्ही घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी हसले. तुम्ही हसले नाहीत. जेवताना म्हणाले, ‘बरोबर हाय त्यायचं. जोडीनं काढतो.’

तेव्हापासून तुम्ही कोणाचाच फोटो एकट्याचा काढला नाही. नवरा-बायको, नाहीतर सासू-सून, नाहीतर म्हातारा आणि त्याची गाय. कोणीच नसलं तर तुम्ही स्वतः बाजूला जाऊन उभे राहायचे आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगायचे. त्या फोटोंमध्ये तुमचं अर्धं अंग नेहमी कापलेलं आहे. कुठे नुसता कोपर, कुठे बुशशर्टचा खिसा. बटण दाबणारा आपल्या माणसाकडे पाहायचा, तुमच्याकडे कशाला पाहील?

म्हणून तर माझी अशी पंचाईत झाली.

आखाडात तुमच्या छातीत दुखायला लागलं. जीप करून यवतमाळला निघालो आणि तुम्ही वाटेतच गेले. त्याच रस्त्यावर, ज्यावरून होळीनंतर आपण भांडत भांडत परत आलो होतो. मला अजून त्या रस्त्यानं जाताना खिडकीकडे बसवत नाही. एवढं कसं मनाला लावून घेतलं तुम्ही एक भांडण, असा प्रश्न मी मनातल्या मनात कितीदा तुम्हाला विचारला असेल. भांडणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, ते मलाही कळतं. पण राग कोणावर काढू?

तेरवीला सगळे विचारायला लागले, फोटो कुठे आहे? फोटोवाल्याच्या घरी फोटो नाही, हे लोकांना खरं वाटेना. तुमच्या भावानं गाडीच्या लायसनवरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तुम्ही पकडून आणलेल्या माणसासारखे दिसत होते. मी तो पूजेपुरता ठेवू दिला आणि दुसऱ्या दिवशी कपाटात टाकला. भावजींना राग आला. ‘वैनी, रोज लोकायचे फोटो करता अन् घरच्या माणसाचा होत नाही का?’ म्हणाले. मी म्हटलं, करते. त्याला आता चार महिने होत आले.

मी बसले होते ना करायला. आपल्या लग्नाचा फोटो स्कॅन केला, पण त्यातला तुमचा चेहरा कोवळा, तो काही तुम्ही नाही. मग शेठच्या दुकानातला तो हातभर लांबून काढलेला उघडला. तोच एक आहे ज्यात तुम्ही पूर्ण आणि तुमच्यासारखे आहात. चेहऱ्याभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. कान, मान, खांदा. खांद्यापाशी माझं डोकं टेकलेलं आहे. तिथून रेघ पुढे गेली नाही. मी किती बायकांना कापलंय अशा जागेवरून, काही त्रास न होता. त्या दिवशी फाइल बंद केली आणि कोणी विचारलं की म्हणायचं, करते.

आणि कोट? तुम्हाला कोट चढवू? अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टाशिवाय तुम्ही आयुष्यात काही घातलं नाही.

तर परवाची गोष्ट. शेठचा डीएसएलआर घेऊन मी पारवा रोडवरच्या बेबीबाईकडे गेले. तुमच्या फार ओळखीची. त्याच वाईट वर्षांत नवरा गेला, तेव्हा त्याचा तेरवीचा फोटो आपल्याकडेच केला होता. मी तेव्हा भाच्याच्या बारशाला राळेगावला गेलेली, म्हणून तो तुम्ही एकट्यानं केला. परत आल्यावर मी पाहिला आणि तुम्हाला बोलले होते, आठवतं? कोटाच्या खांद्यावर पिवळी कड राहिली होती, बायकोच्या लुगड्याची. असं कच्चं काम दुकानाच्या नावावर कशाला जाऊ दिलं, म्हटलं. तुम्ही फक्त ‘राहू दे’ म्हणाले. मला वाटलं आळस.

पुढे तुम्ही बेबीबाईचा आणि तिच्या जावेचा वेचणीतला फोटो काढून आणला होता. तिनं कापूस डोक्यावर ठेवून म्हातारीचं सोंग केलेलं आणि दोघी हसून वाकलेल्या. मला तसाच एक फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं काढून पाहायचा होता. मनात म्हटलं, दाखवते यांना, फोटो कसा असतो.

बेबीबाई वावरातच होती, कमरेला कापसाची ओटी बांधून. मला पाहून तिथूनच ओरडली, ‘या वैनी, या. किती दिसानं!’ तुमच्याबद्दल दोन शब्द बोलली, डोळे पुसले, मग पुन्हा बोलायला लागली. तिचं तोंड कधी थांबतं का? मी म्हटलं, तू वेचत राह्य, मी फोटो काढते. आणि पिशवीतून कॅमेरा काढला.

तो पाहिला आणि तिनं वेचणं थांबवलं. ओटी सोडली, कापूस ढिगावर टाकला. ‘थांबा वैनी, येतेच मी,’ म्हणून घराकडे निघाली. घर वावराला लागूनच. मला वाटलं साडी बदलायला गेली असेल, बाया जातात. मीही मागून गेले. पाहते तर ती नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून, पदरानं पुसून, मांडीवर घेऊन उंबरठ्यात बसलेली. पदर डोक्यावर ओढलेला. नजर खाली, डाव्या बाजूला.

‘अशीच बसू ना?’ मला विचारते. ‘मांगच्या टायमाले त्यायनं खाली पाह्याले लावलं होतं.’

कोणी लावलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘असेच मोठाले कॅमेरे घेऊन येत होते ना बाहेरचे पेपरवाले लोकं. गाड्याच्या गाड्या याच्या. फोटो घेऊन बस म्हणे. हसू नको म्हणे.’ आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ हवं का विचारावं तशी म्हणाली, ‘आनखी तोंड पाडू का?’

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. खरं सांगू? फोटो फार सुंदर आला असता. दारातला उजेड एका गालावर, मागचा अंधार मऊ, फ्रेमच्या काचेत आभाळ. एक दाणा दिसला नसता. मी जे जे तुम्हाला सांगत होते ते सगळं त्या चौकटीत होतं. आणि त्यात बेबीबाई नव्हती. पाच मिनिटांआधी वावरातून ओरडणारी बाई मला कॅमेऱ्यातून कुठेच दिसेना. माझं बोट बटणावर होतं, अहो. मी ते दाबलं नाही. लेन्सला झाकण लावलं आणि तिच्या बाजूला उंबरठ्यावर बसले.

ती बिचारी घाबरली. ‘काहून, नाही बसली का बराबर?’ म्हणाली. मी म्हटलं, बराबर बसलीस, बाई, फारच बराबर. मग तिनं चहा ठेवला. लोकांच्या घरी मी चहाला नाही म्हणते, तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी प्यायले.

फ्रेम आमच्या दोघींच्या मधे ठेवलेली होती. चहा पिताना माझी नजर त्या पिवळ्या कडेवर गेली. हात शिवशिवला, सवय कुठे जाते? मी म्हटलं, बेबीबाई, हे इथं जरा राहून गेलंय, दे माझ्याजवळ, नीट करून देते. तर तिनं फ्रेम ओढून घेतली.

‘नाही नाही. हा माहा पदर हाय,’ म्हणाली. ‘लग्नातलं लुगडं. भाऊनं मले इचारलं होतं तवा. म्हणे, बाई, हे पुसू का राहू देऊ? म्या म्हणलं राहू द्या.’

का हो, हे मला का नाही सांगितलं? मी तुम्हाला आळशी म्हटलं, कच्चं काम म्हटलं, आणि तुम्ही ऐकून घेतलं. एक वाक्य बोलले असते तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? बाकी दिवसभर बोलायला कमी नव्हते. सांगायचं तेवढंच राहून जायचं तुमच्याकडून.

मग बेबीबाईनं विचारलं, ‘तुमी लावला का घरी भाऊचा फोटो?’

‘नाही लावला.’

‘काहून?’

‘एकट्याचा नाही ना. कापा लागते.’

‘कोनाले?’

‘मले,’ म्हटलं, आणि मला रडू आलं. तेरवीलाही असं आलं नव्हतं. तिनं मला गप्प केलं नाही. चहाची कपबशी तेवढी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली, सांडेल म्हणून.

थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘नका कापू मंग. हार नका घालू, म्हंजे झालं. जित्या माणसाले हार घालू नाही. नुसता जोडप्याचा फोटो समजून लावा.’ तिला ते इतकं सोपं वाटत होतं, की मला माझीच लाज वाटली. फोटोच्या धंद्यात एवढी वर्षं काढली आणि मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे तेरवीचा फोटो म्हणजे एकट्याचा, एवढंच डोक्यात.

निघताना ती म्हणाली, ‘वैनी, एक काढा ना तुमचा अन् माहा. भाऊ काढत होते तसा.’ घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी तुमच्यासारखा हात लांब केला. त्या धोंड्याला एका हातानं तोलून पाहा जरा! मनगट थरथरायला लागलं, बोट बटणापर्यंत पोचेना, आणि पोचलं तोवर कॅमेरा वर वळला. पाहिलं तर लिंबाची फांदी आणि कोपऱ्यात बेबीबाईचं कुंकवाविना अर्धं कपाळ. मी कुठेच नाही. ‘यात तं लिंबच आला, बाप्पा!’ म्हणून ती जी हसली, ते तुमच्या त्या फोटोतलंच हसू. आणि ते नेमकं कॅमेऱ्यात नाही.

तर असं झालं. उद्या मी तो काळा कॅमेरा परत देणार आहे आणि केशरी घेऊन येणार आहे. जिंकलो म्हणून उड्या मारू नका. दाण्यांबद्दल माझं म्हणणं होतं तेच आहे, अंधाऱ्या खोलीत तुमची वडी काही कामाची नाही. लग्नाच्या ऑर्डरी समोरच्या स्टुडिओकडे जातील, भावजी माझ्यावर पुन्हा चिडतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक असणार नाही. शेठला म्हणेन, लग्नसराईत काळा भाड्यानं देतोस का. दिला तर बरं, नाही दिला तर पाहू. पण वावरात जाताना माझ्या हातात जे असेल, ते पाहून कोणी घरात जाऊन फ्रेम आणू नये. मला आता तेवढंच पाहिजे.

आणि एका हातानं धरता आला पाहिजे. दुसरा हात शेजारच्या माणसासाठी लागतो, हे तुम्ही शेठच्या दुकानात मला दाखवलं होतं, मी बोलत होते म्हणून पाहिलं नाही.

हे पत्र लिहायला बसायच्या आधी मी प्रिंट काढली आहे. समोर वाळत ठेवली आहे. तुमच्या गालावरचे दाणे पुसले नाहीत. शेठचा टेबलफॅनही आहे आणि माझं उघडं तोंडही आहे. कोणी पाहिलं तर म्हणेल, ही बाई भांडते आहे आणि हा हसतो आहे. म्हणू द्या.

ही भिंतीवर लागणार नाही. दुकानाच्या शोकेसमध्ये, जिथे आपण नव्या जोडप्यांचे फोटो लावतो, त्या रांगेत मधोमध लावेन. हार घालणार नाही, दिवा ठेवणार नाही. रोज सकाळी शटर उघडलं की काच पुसताना आपल्या दोघांनाही पुसेन. आणि वेचणी संपायच्या आत बेबीबाईकडे जाईन, हात लांब करून तिचा आणि माझा फोटो काढेन, आणि तिची प्रिंट तिला देईन. पुढे कोणी रुमालात गुंडाळून जोडीचा फोटो आणला, तर कात्री हातात घेण्याआधी घरातल्या बाईला बोलावून विचारेन, पुसू का राहू देऊ. हे तुम्हाला वचन समजा. सांगायचं राहून जायला नको म्हणून लिहूनच ठेवते आहे.

बाजार सुटायला लागला. शटर वर करते.

तुमच्या खांद्याजवळून न कापलेली,
तुमची कातरवाली
वनिता